पडद्याचा मालक एकच

प्रस्तावना

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचा ट्रॅक्टर चढला, की केबिनमधल्या संगणकावर वजनाचा आकडा धावू लागतो. गाडी स्थिर झाली की आकडाही स्थिर होतो. ऑपरेटर गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचा कोड टाकतो, बटण दाबतो आणि पावती छापून निघते. गाडी रिकामी होऊन परतली, की पुन्हा तेच. दोन वजनांची वजाबाकी म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस, आणि पुढे त्याचे पैसे. आता समजा, भरलेली गाडी काट्यावर असतानाच पडद्यावरचा आकडा गोठला. बटण दाबले तरी काही होईना, विंडोच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटली, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली. ऑपरेटर काय करील? बटण पुन्हा दाबील, मग आणखी दोनदा दाबील, आणि शेवटी संगणक बंद करून चालू करील. नोंद झाली की नाही, झाली असेल तर एकदा झाली की तीनदा, हे त्याला सांगणारे तिथे कुणी नसते.

या पुस्तिकेचा विषय एवढाच आहे, आणि तो दिसतो त्याहून खोल आहे. डेस्कटॉप प्रोग्राममध्ये पडदा सांभाळणारा थ्रेड एकच असतो. त्याला यूआय थ्रेड म्हणतात. त्याच्या बाबतीत दोन अपराध घडतात. पहिला म्हणजे त्याच्यावरच जड काम लादणे. मग तो त्या कामात अडकतो आणि पडदा गोठतो. दुसरा म्हणजे काम वेगळ्या थ्रेडवर नेणे, पण त्या थ्रेडला परस्पर पडद्याला हात लावू देणे. तेव्हा पडदा गोठतोच असे नाही, मात्र तो काय दाखवील आणि कधी कोसळेल याचा भरवसा राहत नाही. पहिला अपराध नवशिक्याच्या हातून होतो, दुसरा अर्धे शिकलेल्याच्या. पहिला त्याच दिवशी उघड होतो. दुसरा प्रोग्राम ग्राहकाकडे बसवून झाल्यावर, ऐन गर्दीत आणि कुणालाही पुन्हा घडवून दाखवता येणार नाही अशा रीतीने उघड होतो.

‘डेस्कटॉपचे दिवस संपले, आता सगळे ब्राउझरमध्ये चालते,’ असे विद्यार्थी म्हणतात. त्यांनी एकदा सोलापूर जिल्ह्यात डोळे उघडे ठेवून फिरावे. माळीनगर, अकलूज, श्रीपूर अशा कारखान्यांच्या गावांत वजनकाटा संगणकाला जोडलेला असतो. जॅकार्ड मागावर चढणारे चादरीचे डिझाइन आधी पडद्यावर तयार होते. टॉवेलांच्या गठ्ठ्यांवरची बारकोडची चिठ्ठी प्रिंटरमधून निघते. पॅथॉलॉजी लॅबमधले रक्त तपासणारे यंत्र आपले आकडे केबलने संगणकाला देते. जिथे यंत्राची तार संगणकात शिरते, तिथे डेस्कटॉप प्रोग्राम अजून घट्ट पाय रोवून आहे, कारण इंटरनेट गेले म्हणून उसाची गाडी काट्यावर थांबवून ठेवता येत नाही. यातले कितीतरी प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये, म्हणजे १९९८ सालच्या साधनात लिहिलेले आहेत आणि आजच्या विंडोजवरही चालतात. ते सांभाळणारी पिढी आता बदलते आहे. सोलापूर आणि परिसरातल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती उद्या हेच प्रोग्राम येतील, बहुतेक वेळा कुठल्याही लेखी माहितीशिवाय.

यूआय थ्रेड एकच का, हे समजायचे तर थोडे मागे जावे लागते. डॉसवरच्या फॉक्सप्रोच्या काळात प्रश्न विचारण्याचा मान प्रोग्रामचा होता. आधी खाते क्रमांक, मग रक्कम, मग ‘होय किंवा नाही’. माणूस त्या क्रमाने उत्तरे देई. खिडक्या आणि माऊस आले तेव्हा हा क्रम उलटला. माणूस कधी, कुठे क्लिक करील हे त्याच्या मर्जीवर गेले आणि प्रोग्रामच्या वाट्याला वाट पाहणे आले. मॅकिंटॉश १९८४ साली बाजारात आला तेव्हापासून अशा प्रोग्रामचे हृदय म्हणजे एक छोटी, न संपणारी फेरी आहे: रांगेतला पुढचा संदेश घे, तो ज्याचा आहे त्या विंडोकडे पोचव, काम आटोपले की पुन्हा रांगेकडे ये. कळ दाबली की संदेश येतो, माऊस हलला की येतो, विंडोचा आकार बदलला आणि ती पुन्हा रंगवायची झाली तरी संदेशच येतो. विंडोजमध्ये प्रत्येक विंडो ज्या थ्रेडने बनवली त्याच्या मालकीची असते, आणि तिचे संदेश त्याच थ्रेडच्या रांगेत येतात.

विंडोज ३.१ मध्ये ही फेरी सर्वांच्या भलेपणावर चालत असे. तिथे सोळा बिटांच्या सगळ्या प्रोग्रामांना इनपुटची रांग एकच होती, त्यामुळे एक प्रोग्राम अडला की सगळा पडदा अडायचा. १९९३ च्या विंडोज एनटीने आणि १९९५ च्या विंडोज ९५ ने खरे थ्रेड सामान्य प्रोग्रामरच्या हाती दिले. आता एका प्रोग्रामचे हँग होणे त्याच्यापुरते राहिले, पण ते टळले नाही. आजही एखाद्या विंडोच्या थ्रेडने पाच सेकंद आपल्या रांगेकडे पाहिले नाही, तर विंडोज तो प्रोग्राम प्रतिसाद देत नाही असे ठरवते आणि खऱ्या विंडोच्या जागी तिची हुबेहूब नक्कल ठेवते. ही नक्कल हलवता येते, लहान करता येते, बंद करता येते. तिच्यातली बटणे मात्र कशाशीही जोडलेली नसतात. काट्यावरचा ऑपरेटर ज्यावर पुन्हापुन्हा क्लिक करतो ती बहुधा ही नक्कल असते.

पाच सेकंद ही यंत्राची मर्यादा झाली. माणसाची त्याहून बरीच कमी आहे. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये रूढ केलेले तीन आकडे आजही प्रमाण मानले जातात: एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला तर माणसाला आपणच वस्तू हलवत आहोत असे वाटते, एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडते. म्हणजे यूआय थ्रेडवर एखादे काम अर्धा सेकंद रेंगाळले तरी ते वापरणाऱ्याला खटकते. डेटाबेसमधली मोठी चौकशी, नेटवर्कवरची फाइल, प्रिंटरची वाट, यंत्राकडून येणारे वाचन यांपैकी कशालाच या थ्रेडवर जागा नाही. संगणक कितीही वेगवान घेतला तरी यात फरक पडत नाही, कारण यातला बहुतेक वेळ हिशेबात जात नाही. तो वाट पाहण्यात जातो.

मग प्रश्न येतो: पडद्याला अनेक मालक का नकोत? प्रत्येक कंट्रोलला लॉक लावला, की कोणत्याही थ्रेडने केव्हाही यावे. हा विचार मूर्खपणाचा नाही. जाणत्या लोकांनी तो खरोखर करून पाहिला. जावाचे पहिले पडद्याचे साधन, १९९६ मध्ये बाहेर आलेले एडब्ल्यूटी, कोणत्याही थ्रेडला चालावे अशा बेताने रचले होते. १९९८ मध्ये जावा १.२ सोबत स्विंग आले तेव्हा तो बेत सोडण्यात आला आणि पडद्याचे सगळे काम एकाच इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर ठेवायचे ठरले. सुरुवातीला एक सवलतही होती: विंडो पडद्यावर येण्यापूर्वी तिची जुळवाजुळव मुख्य थ्रेडवर केली तरी चालेल. पुढे ती सवलतही काढून घेतली गेली, कारण त्यातूनही चुका घडत होत्या. सन मायक्रोसिस्टिम्समधले ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये एका लेखात अनेक थ्रेडांना चालणारा पडदा हे फसलेले स्वप्न आहे का, असा प्रश्न केला आणि त्याचे कारणही उलगडले. माणसाचे क्लिक खालून वर चढते: ऑपरेटिंग सिस्टिमकडून विंडोकडे, विंडोकडून बटणाकडे आणि मग प्रोग्रामच्या हिशेबाकडे. प्रोग्रामचे हुकूम वरून खाली उतरतात: हिशेबाकडून बटणाकडे, तिथून विंडोकडे. दोघेही वाटेत लॉक घेत जातात, पण उलट्या क्रमाने. मधे कुठेतरी दोघांची गाठ पडते. एकाच्या हातातला लॉक दुसऱ्याला हवा असतो, दुसऱ्याच्या हातातला पहिल्याला, आणि दोघेही तिथेच उभे राहतात. यालाच डेडलॉक म्हणतात. लॉक वाढवून तो सुटत नाही, उलट वाढतो.

एका मालकाची शिस्त सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे सौदे पाहिलेल्याला नवी वाटणार नाही. बाहेर लिलाव चालू असतो, वजने होत असतात, हमाल पोती हलवत असतात. दहा ठिकाणी दहा कामे एकाच वेळी चालतात, आणि चाललीच पाहिजेत. पण अडत्याच्या वहीत लिहितो एकटा मुनीम. बाकीचे चिठ्ठी पाठवतात आणि आपल्या कामाला लागतात. मुनीम चिठ्ठ्या हाताला येतील तशा, एकेक करून, वहीत उतरवतो. वहीला कुलूप लावावे लागत नाही, कारण लेखणी दुसऱ्या कुणाच्या हातात नसते. मुनिमालाच वजन करायला काट्यावर पाठवले तर नोंदी थांबतील, आणि दहा जणांच्या हाती लेखणी दिली तर नोंदींचा मेळ बसणार नाही. वर सांगितलेले दोन अपराध ते हेच.

साधने बदलली तरी हा नियम बदललेला नाही. विंडोज फॉर्म्समध्ये चिठ्ठी पाठवण्याच्या क्रियेला इनव्होक आणि बिगिनइनव्होक म्हणतात, डब्ल्यूपीएफमध्ये ते काम डिस्पॅचर करतो, स्विंगमध्ये इनव्होकलेटर, जावाएफएक्समध्ये रनलेटर, क्यूटीमध्ये रांगेतून जाणारे सिग्नल आणि स्लॉट. पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये आफ्टर आणि क्यू यांच्या जोडीने तेच साधले जाते. ॲपलच्या जगात मेन थ्रेड हाच मालक आहे, आणि २०१७ च्या एक्सकोड ९ पासून हा नियम मोडणारा प्रोग्राम चालतानाच पकडणारा तपासनीस त्यांनी सोबत दिला. अँड्रॉइड दुसऱ्या थ्रेडने पडद्याला हात लावला की अपवाद फेकतो, आणि मेन थ्रेडवरून नेटवर्कवर जाऊ पाहणाऱ्या ॲपला २०११ च्या आवृत्तीपासून सरळ अडवतो. म्हणून डेस्कटॉपवर हा विषय शिकणाऱ्याचे श्रम मोबाइलवरही कामी येतात.

दुसऱ्या अपराधाची घातकता शब्दांनी पटत नाही, म्हणून पुस्तिकेच्या पहिल्याच प्रयोगात एक साधी बेरीज दिली आहे. दोन थ्रेड एकाच आकड्यात प्रत्येकी एक लाख वेळा एकेक मिळवतात. उत्तर दोन लाख यायला हवे. ते बहुतेक वेळा कमी येते, आणि दर वेळी वेगळे येते. कारण ‘एक मिळव’ हे आपल्याला एक काम दिसत असले तरी यंत्राला तीन कामे आहेत: आकडा वाच, त्यात एक मिळव, परत ठेव. दोघांनी एकच आकडा वाचला तर एकाची भर हरवते. दुसरा प्रयोग याहून फसवा आहे. एक थ्रेड ‘थांब’ अशी खूण करतो, दुसरा फिरता फिरता ती खूण तपासतो. डीबग बिल्डमध्ये तो थांबतो, रिलीज बिल्डमध्ये थांबतच नाही, कारण कंपायलरने ती खूण एकदाच वाचून ठेवण्याची मुभा घेतलेली असते. प्रोग्राम माझ्या मशीनवर चालतो, या वाक्याला थ्रेडांच्या राज्यात काहीच किंमत नाही, हे या दोन प्रयोगांतून कळावे.

अशा चुकांचे मोल कधीकधी पैशांत मोजता येत नाही. थेरॅक–२५ या कॅन्सरवरील किरणोपचाराच्या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना कितीतरी पट जास्त मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्या टायलर शहरातील अपघातांच्या मुळाशी पडद्यावरच्या नोंदीचाच प्रश्न होता. चुंबके जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत. ऑपरेटर सरावाची होती. तिने चुकून टाकलेले अक्षर त्या आठ सेकंदांच्या आत दुरुस्त केले, तर पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राची मांडणी करणाऱ्या कामाला ती कळत नसे. पडदा एक सांगत होता आणि यंत्र दुसरेच करत होते. हळू हाताने काम करणाऱ्याकडे ही चूक घडतच नसल्याने चाचणीत ती सापडणे अवघड होते. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाची केलेली चिकित्सा प्रत्येक प्रोग्रामरने एकदा तरी वाचावी. काटा म्हणजे किरणोपचाराचे यंत्र नव्हे. पण पडद्यावरचा आकडा आणि आतला आकडा यांत फारकत झाली, की फसतो तो पडद्यावर विश्वास ठेवणाराच.

आपल्याकडच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये आणखी एक खोड सापडते आणि तिला या पुस्तिकेत मुद्दाम वेगळे प्रकरण दिले आहे. व्हिज्युअल बेसिकमध्ये पडदा गोठू नये म्हणून लांबलचक लूपच्या मधे डुइव्हेंट्स लिहायची प्रथा पडली. त्याचा अर्थ असा की हातातले काम अर्धवट ठेवून रांगेतले संदेश आधी उरकायचे. पडदा हलता राहतो, प्रोग्रामर खूश होतो. पण त्या रांगेत ‘जतन करा’ या बटणावरचे दुसरे क्लिकही असू शकते. मग पहिले बिल जतन होत असतानाच त्याच्या पोटात दुसऱ्यांदा जतन सुरू होते आणि एका मालाची दोन बिले तयार होतात. इथे थ्रेड एकच आहे, तरीही घोटाळा झाला. म्हणजे थ्रेड न वापरल्याने माणूस सुरक्षित होत नाही. काम सुरू होताच बटण निष्क्रिय करणे, काम संपल्यावर किंवा फसल्यावरही ते पुन्हा सक्रिय करणे, आणि एकच नोंद दोनदा आली तर डेटाबेसनेच ती नाकारणे, या तीन गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग वजनकाट्याचा आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण असे की त्यात विषयाच्या सगळ्या गाठी एका जागी येतात. काट्याचा इंडिकेटर सीरियल पोर्टवरून अखंड आकडे पाठवत असतो. ९६०० बॉडच्या तारेवरून, एका अक्षराला दहा बिट धरले तर, सेकंदाला ९६० अक्षरे येऊ शकतात. नवशिका प्रोग्रामर यूआय थ्रेडवरच ‘एक ओळ वाच’ असे लिहितो. डॉटनेटच्या सीरियलपोर्ट क्लासमध्ये वाचनाची मुदत मूळची अमर्याद ठेवलेली आहे. तेव्हा ज्या दिवशी उंदराने तार कुरतडली किंवा यूएसबीचा कनेक्टर सैल झाला, त्या दिवशी ती ओळ कधीच येत नाही आणि पडदा कायमचा गोठतो. काट्यावरचे लोक ‘सॉफ्टवेअर बिघडले’ म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर असते: तार तुटणे हा काट्याचा दोष असला, तरी तार तुटल्यावर तसे न सांगता गप्प बसणे हा प्रोग्रामचा दोष आहे.

थोडा शिकलेला प्रोग्रामर डेटारिसीव्हड हा इव्हेंट वापरतो. तो इव्हेंट यूआय थ्रेडवर येत नाही, वेगळ्याच थ्रेडवर येतो. तिथून लेबलमध्ये वजन लिहिले की दुसरा अपराध झाला. तो दुरुस्त करण्यासाठी इनव्होक लिहिला, की तिसरी गाठ समोर येते. इनव्होक हा चिठ्ठी पाठवून उत्तराची वाट पाहत थांबतो. ऑपरेटरने नेमकी त्याच क्षणी विंडो बंद केली, यूआय थ्रेडने पोर्ट बंद करायला घेतला आणि पोर्ट बंद होण्यासाठी चालू इव्हेंट संपण्याची वाट पाहू लागला, की दोघेही एकमेकांसाठी थांबतात. प्रोग्राम बंदही होत नाही आणि चालतही नाही. इथे बिगिनइनव्होक हवा, म्हणजे चिठ्ठी टाकायची आणि उत्तरासाठी न थांबता निघून जायचे. पण तेवढ्यानेही संपत नाही. प्रत्येक आकड्यागणिक चिठ्ठी टाकली तर रांग तुंबते आणि माणसाचे क्लिक शेकडो आकड्यांच्या मागे उभे राहते. म्हणून वाचणाऱ्या थ्रेडने ताजे वजन एका जागी ठेवावे आणि पडद्याने टायमरवर सेकंदाला पाच-दहा वेळा तिथून उचलावे. माणसाच्या डोळ्याला त्याहून जास्त लागत नाही. त्यातही एक बारकावा आहे: १८४५० हा आकडा दोन तुकड्यांत येऊ शकतो, आधी १८४ आणि मग ५०. शेवटची खूण आल्याशिवाय आकडा पूर्ण धरायचा नाही. आणि पावतीवर छापायचे वजन पडद्यावरच्या लेबलमधून कधीही उचलायचे नाही. ते, त्याची वेळ आणि ते स्थिर होते की नाही ही माहिती एकत्र बांधून, एकाच घासात घ्यायची. पडदा हा दाखवण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही, हे ज्याने मनावर घेतले त्याचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

डॉटनेटमध्ये २००५ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून एक पहारेकरी आहे. दुसऱ्या थ्रेडने कंट्रोलला हात लावला, की तो ‘क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड’ असे ओरडतो. मात्र हा पहारेकरी मुळात डीबगर जोडलेला असतानाच जागा असतो. ग्राहकाकडे तोच प्रोग्राम निमूटपणे नियम मोडत राहू शकतो. आणि काही जण हा संदेश दिसला की तपासणीच बंद करण्याची ती एक ओळ शोधून लिहून टाकतात. ती ओळ तुमच्या हाती आलेल्या प्रोग्राममध्ये दिसली, तर सर्वांत आधी तिथूनच दुरुस्तीला लागा.

२०१२ मध्ये सी शार्प ५ सोबत आलेल्या असिंक आणि अवेट या शब्दांनी हे काम पुष्कळ सोपे केले. लांब काम दुसरीकडे चालते, यूआय थ्रेड मोकळा राहतो, आणि काम संपल्यावर पुढची ओळ आपोआप यूआय थ्रेडवरच चालते. वाचायलाही कोड सरळ दिसतो. पण सोपे झाले म्हणून आत काय चालते हे कळण्याची गरज संपली नाही. अशा कामाचे उत्तर यूआय थ्रेडवर ‘रिझल्ट’ लिहून अडून मागितले, की तोच जुना डेडलॉक नव्या कपड्यांत परत येतो: यूआय थ्रेड उत्तरासाठी अडलेला, आणि उत्तर पूर्ण व्हायला यूआय थ्रेडच हवा. म्हणून पुस्तिकेत हे प्रकरण मुद्दाम शेवटाकडे ठेवले आहे. आधी संदेशांची रांग, मग चिठ्ठी, मग लॉक, आणि त्यानंतर हे नवे सुख. वाचकाने हा क्रम मोडू नये.

काय वगळले आहे तेही सांगायला हवे. गेम, व्हिडिओ आणि चित्रांचे जलद रेखाटन यांत रंगवण्यासाठी वेगळा थ्रेड ठेवण्याच्या रीती आहेत. त्यांचा विचार इथे केलेला नाही. लॉकशिवाय चालणाऱ्या डेटा रचनांच्या खोल पाण्यातही शिरलेलो नाही. काट्यावर, दुकानात आणि लॅबमध्ये चालणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते. त्याला गरज असते ती साध्या नियमांची आणि ते रोज पाळण्याच्या सवयीची. पारिभाषिक शब्द जाणूनबुजून वर्गात आणि ऑफिसात बोलले जातात तसेच ठेवले आहेत, कारण चूक झाल्यावर पडद्यावर येणारा संदेशही त्याच शब्दांत असतो आणि तो ओळखता आला पाहिजे.

शेवटी वाचकाला एक विनंती. प्रोग्राम ग्राहकाच्या हाती देण्याआधी त्याला पाच परीक्षांतून न्या. काम चालू असताना यंत्राची तार उपटा. ‘जतन करा’ भराभर पाच वेळा दाबा. काम अर्धे झालेले असताना विंडो बंद करा. डेटाबेसला मुद्दाम दहा सेकंदांचा उशीर लावा. आणि डीबगर न जोडता, रिलीज बिल्डमध्ये, एक पूर्ण दिवस तो चालू ठेवा. यांतून पार पडलेला प्रोग्राम निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. थ्रेडांच्या बाबतीत चाचणी कधीच पुरेशी नसते, रचनाच बरोबर असावी लागते. पण यांत जो नापास होतो तो काट्यावर बसवण्याच्या लायकीचा नाही, एवढे नक्की ठरते. ऑपरेटरला थ्रेड म्हणजे काय हे माहीत नसते आणि माहीत असण्याचे कारणही नाही. ते माहीत असणे ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती घेण्याची तयारी असेल तरच पुढचे पान उलटावे.